अकरा कप्प्यांची पिशवी

कणकवलीची गाडी सकाळची होती आणि आदल्या रात्री साडेदहा वाजता आमच्या दिवाणावर एक पिशवी आ वासून पडली होती. लेक पुण्याहून संध्याकाळीच ठाण्याला आली होती. आठ महिन्यांची नात कडेवर, ही पिशवी खांद्यावर आणि बाकीचं सामान ओढत मागून जावई. पिशवी कसली, राखाडी रंगाचं कपाटच ते. मी कप्पे मोजले, अकरा भरले. बाटलीच्या कप्प्याला आतून चंदेरी अस्तर, ओल्या कपड्यांना वेगळी चेन, वाइप्स बाहेरूनच ओढून काढता यावेत म्हणून बाजूला एक फट. आणि तळाशी एक चपटा कप्पा असा, की तो कशासाठी आहे हे लेकीलाही सांगता येईना.

"आई, तुझ्या वेळी तू काय काय न्यायचीस गं?"

"तुला," मी म्हटलं.

थट्टा सोडा, पण हीच लेक सात महिन्यांची असताना, 1990च्या मार्चात, मी तिला घेऊन आमच्या याच गावी गेले होते. तेव्हा रोह्याच्या पुढे रूळच नव्हते. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडावं लागलं; तोवर लेक दुसरी-तिसरीत गेली होती. म्हणजे आमच्या नशिबी रात्रीची एसटी, बारा-तेरा तासांचा रस्ता आणि यांची बाजाराची खाकी पिशवी. तीत दोन डझन लंगोट, चार दुपटी, मेणकापडाचा तुकडा, थर्मास, चांदीचं बोंडलं आणि सासूबाईंनी बजावून दिलेली बाळगुटीची डबी. कप्पा एकच. हात घालायचा आणि ढवळायचं.

महाडच्या स्टँडवरच्या नळाखाली मी तीन लंगोट खळबळून घेतले, पिळले आणि खिडकीच्या गजाला बांधले. कशेडी घाटात ते पताकांसारखे फडफडायला लागले तसे हे उठून तीन सीटं पुढे जाऊन बसले, जणू बाई आणि पोर कोणा भलत्याचंच. कंडक्टर तिकिटं तपासत आला, गजाकडे बघून म्हणाला, "ताई, ही गाडी पंढरपूरला जात नाही हो." सगळी बस हसली. मीही हसले, पण मनातून रडकुंडीला आले होते.

तेव्हा लंगोटांच्या आठवणीने कोणी गहिवरत असेल, तर त्याने ते धुतलेले नसणार असं मी खुशाल समजते. डायपर ज्याने काढला त्याचं भलं होवो. पण त्या रात्रीच्या एसटीने मला एक गोष्ट शिकवली आणि ती अकरा कप्प्यांनाही लागू होती. पोराची पिशवी जाताना भरलेली असते आणि वाटेत ती रिकामी होत नाही, आणखी भरते. घडी घातलेलं झबलं तळहाताएवढं. तेच शीने माखून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परत ठेवा, दोन ओंजळी होतं. डायपरचं तर विचारूच नका. त्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाचे दाणे असतात. पाणी लागलं की ते फुगून जेली होतात आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओल धरून ठेवतात. बाळाचं बूड कोरडं राहतं हे खरं, पण ती ओल गेली कुठे? कुठे जात नाही, पिशवीतच असते. म्हणून माझा हट्ट असा की निघताना पिशवीचा तिसरा हिस्सा रिकामा हवा.

लेकीच्या पिशवीत बोट शिरायला जागा नव्हती.

मी बसले उपसायला. चौदा डायपर होते. प्रवासाच्या दर तीन तासांना एक आणि वर दोन, एवढा हिशेब मला पुरतो. नऊ तासांच्या गाडीला पाच. कणकवलीत औषधाची दुकानं आहेत, आपण काही वाळवंटात चाललो नाही. घडीची चटई, तोंड पुसायचे रुमाल, लाळेरी, उन्हासाठी एक झाकण, अंगावर पाजताना घ्यायचा एप्रन अशा पाच निरनिराळ्या वस्तू निघाल्या. त्या बाजूला ठेवून मी माझ्या जुन्या सुती लुगड्याची तीन दुपटी आणि मेणकापड ठेवलं. लेकीने तोंड वाकडं केलं. पण मऊ सुती कापडाला आपण कशासाठी आहोत हे ठाऊक नसतं हेच बरं असतं. ते पडद्यासारखं धरा, अंथरा, पांघरा, लाळ पुसा, ऐन वेळी लंगोट म्हणून गुंडाळा.

पोराच्या कपड्यांचे तीन जोड होते. "तुझा एक कुर्ता ठेव," मी म्हटलं. "मला कशाला?" ठेवला मात्र.

बाळगुटीवरून आमचं थोडं वाजलं. मी वेखंड, मायफळ, मुरुडशेंग अशी डबी सहाणेसकट काढून ठेवली होती. लेक म्हणाली, डॉक्टरांनी नाही सांगितलंय. आमच्याकडे गुटी मधात उगाळायची रीत. आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध मुळीच द्यायचा नाही, त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजतात. काजळाचंही तेच, त्यात शिसं निघतं. मी डबी परत फडताळात ठेवली. मी स्वतः मध चाटवूनच हिला वाढवली. ती वाचली, यावरून काही सिद्ध होत नाही एवढी अक्कल मला आहे. तीट मात्र मी कानामागे लावतेच, ते कोणाला दिसत नाही.

औषधांची छोटी थैली लेकीनेच लावली आणि ती मला आवडली. आत एक चिठ्ठी होती: नातीचं वजन, डॉक्टरांच्या अक्षरात तापाच्या औषधाचा डोस आणि त्याच्यापुढे कंसात 'ड्रॉप्स' असं दोनदा अधोरेखित. पॅरासिटॅमॉलचे ड्रॉप्स आणि सिरप या दोन वेगळ्या चिजा आहेत. नेहमीच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलीटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं आणि लहान मुलांच्या साध्या सिरपमध्ये पाच मिलिलीटरला 125, म्हणजे एका मिलिलीटरला 25. परगावी रात्री बाटली संपली, दुकानदाराने दुसरी दिली आणि आपण सिरपच्या मापाने ड्रॉप्स ओतले, तर चौपट औषध पोटात जातं. ओआरएसच्या दोन पुड्या होत्या, एक लिटरच्या. त्या अख्ख्या एका लिटरमध्येच विरघळवायच्या, अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात नाही; प्रमाण चुकलं की ते औषध राहत नाही.

सकाळी ठाण्याला गाडीत चढलो. एसीचं तिकीट वेटिंगवरच राहिलं म्हणून स्लीपरचा डबा. जावई पुण्याला परत. फेब्रुवारी होता, खिडकीतून येणारा वारा सोसवणारा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीटच लागत नाही, त्यामुळे नातीच्या नावावर काही नव्हतं आणि सबंध बाक तिचा होता. पलीकडच्या बाकांवर एका बाईने वरच्या दोन बर्थच्या साखळ्यांना साडी बांधून झोळी केली होती आणि आत एक पोर गाढ झोपलं होतं. त्या बाईबरोबर पिशवी म्हणाल तर नायलॉनची एकच, भाजीची.

माणगाव मागे पडल्यावर नातीला भूक लागली. खाण्याचा माझा डबा अगदी साधा होता. तांदूळ-मुगाची भरड घरी उत्तम, पण ती शिजवावी लागते आणि गाडीत चूल नसते. पोहे मात्र आधीच उकडून कांडलेले. ते कोरडे भाजून पूड केली की थर्मासातल्या कढत पाण्यात पाच मिनिटांत खिमट तयार. राजगिऱ्याच्या लाह्यांचंही तसंच. पूड कोरडी असते म्हणून विटत नाही. शिजवून नेलेली खीर मात्र दोन तासांत मनातून उतरते. बाटली आणली नव्हती. स्टीलची वाटी आणि चमचा, गरम पाण्याने विसळले की झालं. बाटलीच्या बोंडात काय साचतं ते कोणाला दिसतं? माझं चांदीचं बोंडलंही मी त्याच कारणाने आणलं नाही, त्याची नळी आतून घासताच येत नाही.

"आणि केळं कुठाय?" मी विचारलं. वेलची केळं मी स्वतः दिलं होतं, सालीसकट, त्याच्याइतका स्वच्छ डबा बाजारात मिळत नाही.

लेकीने कप्पे उघडले. एक, दोन, चार. "असेल गं कुठेतरी. बहुतेक मागच्या चेनमध्ये." मागच्या चेनमध्ये मोजे निघाले. केळं काही सापडलं नाही. चिपळूणला गाडी थांबली तेव्हा मी फलाटावरून डझनभर घेतली.

त्याच सुमारास नातीने काम काढलं. हलत्या गाडीत संडासाकडे जायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत. बाकावर मेणकापड, त्यावर दुपटं, एकीने दुसरं दुपटं आडवं धरायचं. लेकीचा हात आता पिशवीत होता आणि नजर पोरावर. वाइप्स फटीतून आले, त्या फटीला मी मनातल्या मनात शंभर गुण दिले. डायपर मात्र ज्या कप्प्यात होते त्याची चेन पोराच्या पायाखाली. तेव्हा मला कळलं की पिशवीतल्या वस्तू कप्प्यांच्या नेमाने नाही, तर हाताच्या क्रमाने लावायच्या असतात. आधी अंथरायचं, मग पुसायचं, मग नवा डायपर, मग जुन्यासाठी कागद. आणि तो क्रम एकट्या आईच्या डोक्यात असून चालत नाही. मी किंवा जावई, कोणीही हात घातला तरी तोच क्रम लागावा. आम्ही तिथेच, चिपळूण ते संगमेश्वरच्या मध्ये, सबंध पिशवी नव्याने लावली.

वापरलेला डायपर लेकीने वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळला, पर्समधून लाल पेन काढलं आणि पुडक्यावर ठसठशीत ठिपका काढला. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने तशी सवय लावली आहे. लाल ठिपका दिसला की कचरा निवडणाऱ्या बाईला ते पुडकं उघडून बघावं लागत नाही. 2016च्या घनकचऱ्याच्या नियमांतही डायपर नीट गुंडाळून द्यावेत आणि उत्पादकांनी त्यासाठी पिशवी पुरवावी असं होतं. पण ठिपका काढणं नियमात नव्हतं, ते पुण्याचं. समोर बसलेले एक आजोबा बराच वेळ त्या पुडक्याकडे बघत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "कुठल्या देवाचा अंगारा म्हणायचा?"

लेकीने खिडकीबाहेर तोंड केलं. उत्तर मला द्यावं लागलं. आजोबांनी हात सोडले आणि उरलेला प्रवास डोळे मिटून केला.

कुर्त्याचं सांगायचं राहिलं. संगमेश्वर सुटल्यावर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, या मार्गावरचा सगळ्यात लांब. एकदा गाडी आत शिरली की पाच-सहा मिनिटं नुसता खडखडाट, कानाशी बोललेलं ऐकू येत नाही. त्या आवाजाने नात दचकली, जोरात रडली आणि रडता रडता मघाचं सगळं खिमट आईच्या खांद्यावर ओकली. दिव्याच्या पिवळ्या उजेडात मला लेकीचे ओठ हललेले दिसले. काय म्हणाली असेल ते बोगद्याने गिळलं. रत्नागिरी यायच्या आत तिने कुर्ता बदलला. मी विजयाने बघत होते, तेवढ्यात नात माझ्याकडे आली आणि उरलेलं माझ्या साडीवर. माझ्यासाठी जादा काही ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. पानवलच्या चौसष्ट मीटर उंच पुलावरून गाडी गेली तेव्हा सगळा डबा दरीत बघत होता आणि मी पदर पिळत होते.

गावात चार दिवस. अंगणात ऊन आहे, विहिरीला पाणी आहे, म्हणून तिथे लेकच म्हणाली, "आई, दिवसा लंगोट बांधूया का?" कारण वेगळंच होतं. वाडीत घंटागाडी येत नाही. कचरा जाळतात, आणि डायपर जाळू द्यायला ती तयार नव्हती, प्लॅस्टिकचा धूर पोराच्याच नाकात जाणार म्हणून. मी लुगड्याचे त्रिकोणी तुकडे केले. ते धुतले कोणी, हे सांगायला नकोच. तरी रात्रीचे डायपर साठत गेले आणि लाल ठिपक्यांची पुडकी तांदळाच्या रिकाम्या गोणीत जमत गेली. ओटीवर येणारी प्रत्येक बाई आधी म्हणायची, "ह्यां कोणाचां गो चेडू?" आणि मग गोणीकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी मालवणला निघालो. वाटेत एका एसटी स्थानकात बस बदलायची होती आणि नातीला पाजायचं होतं, तिथल्या हिरकणी कक्षात गेलो. छोटी खोली, बाक, पंखा. एक कंडक्टर बाई पाय वर घेऊन डबा खात होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि लोणच्याची फोडही. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणून घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेली, ती गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. बाकावर बसून मला वाटलं, बाईचं धाडस मोठंच. पण तिचं पोर घरी होतं आणि दोन्ही हात मोकळे होते. पोर कडेवर आणि ही पिशवी खांद्यावर असती, तर ती गडावरच राहिली असती सकाळपर्यंत.

हे उगाच नाही म्हणत. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्गला जायला होडी. होडी वरखाली होत होती, चढायला दोन्ही हात लागतात, आणि एका खांद्यावरची पिशवी अशा वेळी पुढे घसरून पोराच्या तोंडावर येते. नावाड्याने आधार द्यायला हात पुढे केला. लेकीने क्षणभर विचार केला आणि त्याच्या हातात पोर दिलं. पिशवी छातीशी धरून स्वतः होडीत उतरली. नावाडी पोराकडे बघून, मग पिशवीकडे बघून मला म्हणाला, "काकी, पिशयेत अख्खो संसार आसा काय?" तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. पिशवी पाठीवरचीच हवी, दोन पट्ट्यांची. खांद्यावरची शोभेला.

कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनी 1664 साली या किल्ल्याचं काम सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. दूधबावीच्या काठावर नात नेमकी दुधासाठी रडायला लागली तेव्हा शेजारचं एक कुटुंब मनापासून हसलं. तटाच्या सावलीत पायरीवर मेणकापड अंथरलं. किल्ल्यावर येण्याआधी किनाऱ्यावर तिला वाळूत बसवलं होतं, त्यामुळे मांड्यांच्या वळ्यांत वाळू होती. लेक वाइप घेऊन पुसायला निघाली, मी हात धरला. ओल्या कापडाने वाळू पुसली की ती घासते, कातडी लाल होते. आधी ती तशीच सुकू द्यायची, सुक्या सुती कापडाने अलगद झटकायची, उरली तर वरून पाणी ओतायचं. त्यासाठी एक साधी पाण्याची बाटली, पिण्याची वेगळी. ही बाटली अकरा कप्प्यांतल्या कुठल्याच कप्प्यात मावत नव्हती. मी ती हातात धरून आख्खा किल्ला फिरले.

परतीला कणकवलीत गोण नगरपंचायतीच्या गाडीत टाकली. गाडीवरच्या बाईला लेकीने लाल ठिपक्याचा अर्थ समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं, गोणीचं वजन हाताने पाहिलं आणि एवढंच विचारलं, "एकच पोर ना?"

ठाण्याला पोचल्यावर लेक आणि नात दोघी आडव्या झाल्या, मी पिशवी उपसायला घेतली. मालवणची मूठभर वाळू निघाली. एकच मोजा निघाला, दुसरा बहुतेक किल्ल्यावर राहिला. तीन दिवस शोधत होतो ते नखं कापायचं कटर वाइप्सच्या फटीत होतं. मग एक उग्र, गोडसर वास यायला लागला. मी तळाशी हात घातला, त्या चपट्या कप्प्यात, ज्याचा उपयोग कोणालाच माहीत नव्हता, आणि बोटाला काहीतरी मऊ, काळं लागलं.

"सापडलं गं!" मी आत ओरडले.

"काय?" लेक झोपेतच म्हणाली.